पंप दोनदा बदलला, तरी गाडी घाटात बंदच पडते

प्रश्न पिंपळगाव बसवंतकडच्या एका भावाचा आहे. २०१२ सालची छोटी मालवाहू गाडी, इंजेक्शनवाली पेट्रोल, सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलेलं. रात्री टोमॅटो भरून वाशीला जायचं, सकाळी माल उतरवून रिकामं परत फिरायचं. जाताना गॅस संपतो, येताना गॅसच्या रांगेत थांबायला नको म्हणून पेट्रोलवर. शहापूर मागे पडलं, ऊन तापलं की कसारा घाटात गाडी चार आचके देते आणि बंद पडते. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नव्हतं, अशी चालू होते. वर्षभरात टाकीतले पेट्रोल ढकलणारे दोन पंप, एक फिल्टर आणि एक रिले (करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) बदलून झाला. गॅरेजात नेली की शहाण्यासारखी चालते, स्कॅनरवर कोड येत नाही. शेवटी विचारलं आहे, "काका, तिसरा पंप टाकू का? आणि हो, गॅसवर असताना कधी बंद पडली नाही."

भाऊ, तिसरा पंप टाकू नका. आणि जी ओळ तुम्ही जाता जाता लिहिली, तीच सगळ्यात कामाची आहे.

इंजिन गॅसवर असो की पेट्रोलवर, इंजिन फिरतंय हे ओळखणारा क्रँक सेन्सर तोच, ठिणगी देणारी इग्निशन कॉइल तीच, चावीचा स्विच तोच, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तोसुद्धा तोच. यांतलं काहीही गरम होऊन दगा देत असतं तर गाडी गॅसवरही बंद पडली असती. म्हणजे गडबड फक्त पेट्रोलच्या बाजूला आहे. एक अट मात्र आहे. गॅसवर तोच घाट, तशाच उन्हात, एकदा तरी चढून बघितलेला हवा. रात्रीच्या गारव्यात उतारावर गॅसवर नीट चालली, याला पुरावा म्हणत नाहीत. पुढच्या खेपेला येताना गॅस भरा, रांग लावावी लागली तरी चालेल, आणि घाट गॅसवर चढा. त्या तासाभराच्या खोळंब्यात निम्मं निदान होतं.

आचक्यांचंही तसंच. इग्निशन गेलं तर गाडी चावी बंद केल्यासारखी एका झटक्यात मरते. पेट्रोल कमी पडलं तर रेलमधलं (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीतलं) उरलंसुरलं प्रेशर संपेपर्यंत दोन-चार आचके देते. तुमची आचके देते. म्हणजे पेट्रोल पोचत नाही, हे तुमच्या मिस्त्रीने बरोबर ओळखलं. तो चुकला पुढच्या पायरीवर. पेट्रोल येत नाही म्हणून पंप खराब, असं धरलं. पंप ही एक मोटर आहे. तिला करंट मिळाला नाही तर ती कालच दुकानातून आणलेली असली तरी फिरणार नाही.

मी हीच चूक केलेली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका द्राक्षवाल्याची गाडी आली होती, दुखणं असंच. मी एक पंप बदलला, महिन्याने दुसरा बदलला. तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा लाजेने दिवसभर तिच्याखाली झोपून राहिलो. पंपाचा अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी वायर, चेसिसला जिथे बोल्टने बसवली होती, तिथे बॉडी बांधणाऱ्याने थिंबलच्या (वायरीच्या टोकाच्या कडीच्या) खाली रंगाचा थर तसाच ठेवला होता. गाडी रिकामी असताना बोल्टचे आटे कसाबसा करंट नेत. माल भरला, चेसिस जरा वाकली, खड्डा बसला की अर्थ सुटायचा. पॉलिश पेपर मारला, नवी थिंबल लावली, काम अर्ध्या तासाचं. त्या माणसाला एका पंपाचे पैसे परत दिले. दुसऱ्याचे द्यायची तेव्हा ऐपत नव्हती. त्या दिवसापासून पंपाला हात लावायच्या आधी मी पंपापर्यंत येणारी वाट मोजतो.

"वायर चेक केली, बारा व्होल्ट येतात," असं मला दर आठवड्याला कोणीतरी सांगतं. कपलर (वायरींचा प्लॅस्टिकचा जोड) काढला, मीटरच्या दोन सुया लावल्या, १२.४ आले, वायर चांगली. इथेच सगळे फसतात. तुमच्या बागेत ठिबक असेलच. लाईनचा फिल्टर निम्मा चोंदलेला असू द्या. शेवटचा व्हॉल्व्ह बंद ठेवून गेज बघितला तर प्रेशर पूर्ण दिसतं, कारण पाणी वाहतच नाही. व्हॉल्व्ह उघडा, काटा खाली बसतो. वायरीचं तसंच आहे. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, म्हणून कुजलेल्या वायरीचा एकच तार शिल्लक असला तरी मीटरला पूर्ण व्होल्ट दिसतात. पंपाला मात्र चार-पाच अँपिअर लागतात. ते त्या एका तारेतून जाऊ लागले की व्होल्ट वाटेतच संपतात.

आकड्यात सांगतो. वाटेत कुठे फक्त अर्धा ओहम रेझिस्टन्स तयार झाला आणि पंप पाच अँपिअर ओढत असला, तर अडीच व्होल्ट तिथेच पडले. बॅटरीवर १३.८ असताना पंपाला ११.३ मिळतात. पंप हळू फिरतो, आणि घाट चढताना, म्हणजे इंजिनला पेट्रोल जास्त हवं असताना, प्रेशर पुरत नाही. वर अडीच व्होल्ट गुणिले पाच अँपिअर म्हणजे साडेबारा वॅटची उष्णता त्या एका पिनेवर. बारकीशी पिन, बंद प्लॅस्टिकचा कपलर. तो तापतो, पिन सैल होते, रेझिस्टन्स वाढतो, आणखी तापतो. थांबलं की निवतो आणि पिन पुन्हा टेकते. तुमची वीस-पंचवीस मिनिटं बहुधा अशीच कुठेतरी आहेत. तसा पंपही गरम होऊन अडकू शकतो, नाही म्हणत नाही. पण एकापाठोपाठ दोन पंपांना तोच आजार, त्याच घाटात? मला पटत नाही.

आता खरी अडचण. गाडी दुकानात आली की बरी असते, आणि बऱ्या गाडीत बिघाड सापडत नाही. आपण घाटात येऊ शकत नाही, मग तिथे साक्षीदार बसवायचा. मी तीन छोटे बल्ब वापरतो, स्पीडोमीटरच्या दिव्यात असतात तसले दोन-तीन वॅटचे, काचेवाले. एलईडी नको. तिला इतका कमी करंट लागतो की मरतुकड्या वायरीवरही ती हसत पेटते. लाल, हिरवा, पिवळा असे टोपण लावून ते डॅशवर चिकटवायचे.

लाल दिवा पंपाच्या रिलेच्या ८७ नंबरच्या, म्हणजे पंपाकडे करंट सोडणाऱ्या, पिनेवरून घ्यायचा. हिरवा टाकीजवळच्या कपलरमध्ये पंपाकडे जाणाऱ्या पॉझिटिव्ह वायरीवरून. या दोघांचा अर्थ केबिनमधल्या चांगल्या जागेवरून किंवा सरळ बॅटरीच्या निगेटिव्हवरून घ्यायचा, पंपाच्या अर्थवरून अजिबात नाही. पिवळ्याची जोडणी वेगळी. त्याचं एक टोक पंपाच्या अर्थच्या वायरीला, अगदी पंपाजवळ, आणि दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. गाडी बरी असताना पिवळा पेटणारच नाही, कारण दोन्हीकडे अर्थच आहे. पंपाचा अर्थ सुटला की करंट पंपातून येऊन पिवळ्या बल्बातून वाट काढतो आणि तो लख्ख पेटतो. माझ्या गुरूने हे मला शिकवलं, तेव्हा इंजेक्शनच्या गाड्या नव्हत्या. तो हे वायपरच्या मोटरला करायचा.

जिथे वायर जोडाल तिथेच, लगेच, एक अँपिअरचा फ्यूज घाला. वायर मागे टाकीपर्यंत जाणार आहे, कुठे घासून शॉर्ट झाली तर फ्यूज उडला पाहिजे, टाकी नाही. आणि वायरीला सुई टोचून करंट काढू नका. ते भोक दिसत नाही, पण इगतपुरीच्या एका पावसाळ्यात त्यातून पाणी शिरतं आणि तांबं आतून हिरवं पडतं. कपलरच्या मागून, रबराच्या बाजूने बारीक पिन सरकवा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या कुजलेल्या वायरी कोणीतरी आधी 'चेक' केलेल्या असतात.

आता घाटात काय बघायचं ते. गाडी आचके देऊ लागली की नजर दिव्यांकडे. बंद पडल्यावर नुसती चावी ऑन ठेवून उपयोग नाही, कारण इंजिन फिरत नाही हे कळलं की ईसीएम एक-दोन सेकंदात पंपाचा करंट स्वतःच काढून घेतो. म्हणून सेल्फ मारत मारत बघायचं. सेल्फ मारताना सगळेच दिवे जरा मंद होतात, तेवढं चालतं.

लाल पेटलाच नाही तर दोष रिलेपर्यंतच्या भागात आहे: फ्यूज, रिले, त्याचा सॉकेट, किंवा रिलेला ओढणारी ईसीएमची बाजू. लाल पेटला पण हिरवा मेला किंवा विझत्या निखाऱ्यासारखा लालसर झाला, तर रिले ते टाकी या वाटेत. तिन्ही पेटले, पिवळ्यासकट, तर अर्थ. लाल-हिरवा लख्ख, पिवळा गप्प, आणि तरी टाकीतून पंपाची गुणगुण येत नाही, तर मग पंपच, आणि तेव्हा मी स्वतः म्हणेन, बदला. ड्रायव्हर मुलगा असेल तर त्याला एवढंच सांगा, की काही उघडू नकोस, कुठला दिवा कसा होता त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढ. घाटात कडेला घेऊन, मागे त्रिकोण ठेवून. वळणावर बॉनेट उघडून उभं राहण्याइतकी कुठलीच गाडी महाग नाही.

तुमच्या गाडीत लाल पेटेल आणि हिरवा विझेल, असा माझा अंदाज आहे. कारण सांगतो. नंतर बसवलेल्या किटमध्ये, गाडी गॅसवर गेली की पेट्रोल पंप बंद राहावा म्हणून बसवणारा बहुतेक वेळा पंपाची वायर कापून मध्ये एक जादा रिले घालतो. त्याची जागा ठरलेली नसते. डॅशखाली, बॅटरीमागे, फायरवॉलवर, जिथे हात पोचला तिथे टेपने गुंडाळलेला असतो. त्या रिलेत पंपाचा करंट ८७ए पिनेतून जातो. ८७ए म्हणजे रिलेला करंट नसताना मिटलेला कॉन्टॅक्ट, आणि तो मिटतो फक्त स्प्रिंगच्या जोरावर. साध्या ८७ पिनेपेक्षा तो कमी करंट सोसणारा असतो. तुमची गाडी पिंपळगावापासून वाशीपर्यंत गॅसवर, म्हणजे त्या रिलेची कॉइल रात्रभर तापलेली. मग सकाळी पेट्रोलवर आलात की त्याच जुन्या, जळक्या ठिपक्याच्या कॉन्टॅक्टला स्प्रिंगच्या भरवशावर पाच अँपिअर न्यायचे आहेत, वर बॉनेटखालची उष्णता. तुमच्या मिस्त्रीने रिले बदलला म्हणता, तो कंपनीच्या फ्यूज बॉक्समधला. हा दुसरा रिले आहे, हे त्याला माहीत असायचं कारणच नाही. किट त्याने बसवलेलं नाही.

याच जातीचा आणखी एक पाहुणा म्हणजे जीपीएस. फायनान्सवाल्यांनी किंवा आधीच्या मालकाने गाडी लांबून बंद करता यावी म्हणून जे यंत्र बसवलेलं असतं, तेही बऱ्याचदा पंपाच्याच वायरीत रिले घालून. पुढे यंत्र काढतात, रिले तसाच राहतो, नाहीतर कापलेली वायर हाताने पिळून वर काळी टेप. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये त्या टेपचा चिकट सुटतो, पावसाळ्यात आत पाणी. गाडी जुनी घेतलेली असेल तर डॅशखाली डोकं घालून एकदा बघाच. कंपनीच्या हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) नसलेल्या रंगाची कुठलीही वायर दिसली की तिचा माग काढायचा.

दिवे बसवून घाटाची वाट बघायला वेळ नसेल, तर दुकानातच करता येईल अशी एक परीक्षा आहे. हेडलाईटचा जुना हॅलोजन बल्ब घ्या, ५५ वॅटचा फिलामेंट चांगला असलेला. बारा व्होल्टवर तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे जवळजवळ पंपाइतकाच. टाकीवरचा कपलर सोडवा, पंपाच्या जागी हा बल्ब जोडा. बल्ब टाकीपासून चांगला लांब ठेवा, दोन मीटर वायर लावून. तो भट्टीसारखा तापतो आणि पेट्रोलची वाफ शेजारी आहे. जोडणी आधी पूर्ण करायची, करंट मग द्यायचा, म्हणजे ठिणगी टाकीजवळ पडत नाही. नुसत्या चावीने करंट दोन-तीन सेकंदच मिळतो, म्हणून रिले काढून ३० (बॅटरीकडून करंट येतो ते) आणि ८७ या भोकांमध्ये १५ अँपिअरचा फ्यूज घातलेली वायर लावायची. बल्ब पेटेल. आता त्याच्या दोन टोकांवर मीटर लावा. बॅटरीवर १२.४ असतील आणि बल्बावर ११.९ किंवा वर, तर ठीक. साडेअकराच्या खाली असेल तर चोर सापडला, फक्त कोपरा शोधायचा. बल्ब पंधरा मिनिटं पेटता ठेवा आणि वाटेतला प्रत्येक कपलर, प्रत्येक सांधा हाताने चाचपत जा. जो गरम लागेल तो. या कामात बोटांएवढं चांगलं मीटर मी अजून बघितलेलं नाही. पण लक्षात घ्या, ही वायर लावल्यावर कंपनीचा रिले वाटेतून बाहेर आहे. बल्ब नीट पेटला तर बाकीची वाट चांगली, रिले आणि त्याचा सॉकेट वेगळा तपासायचा.

कोपरा शोधताना व्होल्ट पडतात कुठे, ते सरळ मोजता येतं. यावेळी पंप आपल्या जागी जोडलेला आणि इंजिन पेट्रोलवर चालू. मीटरची लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर कायमची अडकवा, लांब वायर जोडून घ्या. काळी सुई पंपाच्या पॉझिटिव्ह पिनेवर. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत सांडले. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर मी गप्प बसतो. एकच्या वर गेला की काळी सुई मागे मागे आणायची: हार्नेसचा मधला कपलर, रिलेची ८७, मग ३०, मग फ्यूजची एक बाजू, दुसरी बाजू. जिथे आकडा एकदम उतरला, त्या दोन जागांच्या मध्ये दोष. अर्थची बाजू वेगळी मोजा, काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पंपाच्या अर्थ पिनेवर. तिथे ०.२ च्या वर मला चालत नाही. यातली गंमत अशी की गाडी बरी असतानाही हे मोजता येतं. जो सांधा घाटात मरणार आहे, तो दुकानात निदान लंगडत तरी असतो. इंजिन गरम करून, फॅन दोनदा लागू देऊन मोजा. थंड गाडीवर मोजून मला फोन करू नका.

रिलेचा सॉकेटही बघा. रिले नवा असला तरी तो ज्या मादी पिनेत बसतो ती पसरलेली असली तर नव्याचा उपयोग शून्य. एखाद्या मेलेल्या रिलेची एक पात कापून घ्या आणि प्रत्येक भोकात घालून बाहेर ओढा. हाताला धर लागली पाहिजे. लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली तर पिन बाहेर काढून नवी क्रिम्प करा. चिमट्याने दाबून घट्ट केलेली पिन दोन महिन्यांत पुन्हा पसरते, कारण तापून तिचा ताण गेलेला असतो.

टाकीवरचा कपलर मात्र तुम्ही आजच बघा, याला मीटर लागत नाही. दोन पंप बदलले तेव्हा पंप नवा आला, कपलरची गाडीकडची बाजू जुनीच राहिली. पिनेभोवती प्लॅस्टिक तपकिरी झालंय का, वितळून वाकडं झालंय का, पिनेचा रंग निळसर-काळा पडलाय का? तसं असेल तर तो कपलर वायरीच्या तुकड्यासकट बदला. आणि माल कसला वाहता तेही आठवा. टोमॅटोचं पाणी, मोरचूद नाहीतर मिठाची पोती, फवारणीचे गळके ड्रम, यांतलं काही फळ्यांच्या फटीतून त्या हार्नेसवर गळत असेल तर तांबं फार दिवस टिकत नाही.

टाकीला थाप मारून बघायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी बंद पडली, रबरी हातोड्याने टाकीला खालून दोन थापा, चालू झाली, म्हणजे पंपाचे कार्बन (मोटरला करंट देणाऱ्या कांड्या) गेले. हे खरंही असू शकतं, कार्बन झिजलेला पंप एखाद्या ठिकाणी अडकून बसतो आणि धक्क्याने सुटतो. पण त्याच थापेने टाकीवरचा कपलरही हलतो, आणि अर्थची वायरसुद्धा. या थापेच्या जोरावर किती चांगले पंप भंगारात गेले असतील, त्याची गणती नाही.

पंप खराब आहे की नाही हे करंटवरून कळतं. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प असलेल्या इलेक्ट्रिशियनकडे जा, साधा घरगुती क्लॅम्प फक्त एसी मोजतो. पंपाला व्होल्ट पूर्ण मिळत असताना करंट नेहमीपेक्षा बराच जास्त असेल, तर पंप जड फिरतोय किंवा पुढे फिल्टर चोंदलाय. व्होल्ट पूर्ण आणि करंट फारच कमी, तर कार्बन संपत आलेत, नाहीतर पंप कोरडा फिरतोय. व्होल्ट कमी आणि करंटही कमी, तर पंपाला दोष देऊ नका, वाट खराब आहे. स्कॅनरने हे कळत नाही. या वयाच्या गाड्यांत ईसीएम फार तर रिलेच्या कॉइलकडे बघतो. रिलेच्या पुढे पंपापर्यंत काय चाललंय हे त्याला दिसतच नाही. कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असं म्हणणाऱ्याला एवढंच सांगा.

वायरीशी संबंध नसलेल्या दोन गोष्टीही आहेत, त्या आधी निकालात काढा म्हणजे माझ्या तिन्ही दिव्यांची फजिती व्हायला नको. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. मोठ्याने फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर टाकीचा श्वास कोंडलाय, व्हेंट साफ करा. दुसरी, टाकीत पेट्रोल किती असतं? गॅसवाल्यांना सवय असते, शंभर रुपयांचं पेट्रोल टाकून महिना काढायचा. पंप पेट्रोलात बुडून थंड राहतो. तळाशी चार लिटर असेल तर ते चढावर मागे सरकतं, पंप हवा ओढतो आणि तापतोही. पंपाचे कार्बन पेट्रोलातच ठिणग्या टाकत असतात, आणि आग लागत नाही कारण जळायला लागणारी हवा तिथे नसते, हे सांगितलं की लोक दचकतात. पाव टाकीच्या खाली येऊ न देण्याचं कारण आग नव्हे, पंपाची गारवण. एक खेप अर्धी टाकी भरून करा. तरी बंद पडली तर हा मुद्दा मिटला.

ज्यांची गाडी फक्त पेट्रोलवर आहे, त्यांना गॅसची परीक्षा करता येणार नाही. त्यांनी क्रँक सेन्सर विसरू नये. तो गरम होऊन गेला की ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, आणि तो पंपही बंद करतो. पंप गप्प दिसतो, पण गुन्हेगार सेन्सर. ओळखायचं असं: चावी ऑन केल्यावर दोन सेकंद पंपाची गुणगुण येते, पण सेल्फ मारताना येत नाही आणि आरपीएमचा काटाही हलत नाही, तर सेन्सर. ऑन केल्यावरही गुणगुण नाही, तर वर सांगितलेली वायरीची वाट.

आणि जुन्या डिझेल ट्रकवाल्यांनी विचारायच्या आधी सांगतो, तुमच्याकडे टाकीत विजेचा पंप बहुधा नाहीच. रोटरी पंपावर स्टॉप सोलेनॉइड असतो, त्याचा करंट तुटला की स्प्रिंग डिझेल बंद करते. चावी ऑन-ऑफ केल्यावर त्याचा टक् आवाज येतो का ते ऐका, त्याच्या एकुलत्या वायरीवर हाच दिवा लावा. चोवीस व्होल्टची गाडी असेल तर बल्बही चोवीसचे घ्या.

दुरुस्ती करताना: किटचा तो लपलेला रिले सापडला तर नुसता वगळून सरळ वायर जोडू नका, गॅसवर पंप विनाकारण चालत राहील. चांगल्या प्रतीचा, ८७एला पुरेसा करंट सोसणारा नवा रिले, पाण्यापासून लांब, स्क्रूने बसवलेल्या सॉकेटमध्ये. सांधे पिळून नाही, क्रिम्प करून वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब. पंपाला एक जादा अर्थ चेसिसच्या उघड्या लोखंडावर द्या, रंग खरवडून, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस. वायर मूळच्या जाडीपेक्षा बारीक नको. टाकी उघडावी लागलीच तर आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरेल, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि बिडीवाल्याला दुकानाबाहेर पाठवा.

घाटात अडकलात आणि काहीच चालेना, तर ३० ते ८७ फ्यूजवाली वायर लावून बघा. गाडी चालू झाली तर कंपनीच्या रिलेच्या बाजूला दोष, घोटीपर्यंत तशीच या. पण त्या वायरीने पंप चावीचं ऐकत नाही. अपघात झाला, पाईप तुटला, तरी तो पेट्रोल फेकत राहील. घोटीला पोचलात की काढा, ती लावून आठवडाभर फिरू नका.

तीन-चार खेपा दिव्यांवर करा, व्हिडिओ घेऊन या. मी नाशिकला आडगाव नाक्याच्या अलीकडेच असतो, सकाळी लवकर या म्हणजे गाडी दिवसभर तापवता येईल. जुने दोन्ही पंप भंगारात दिले नसतील तर तेही आणा. बॅटरीवर लावून बघू. त्यातला एक तरी ठणठणीत निघेल, असं मला वाटतंय.